विश्लेषण : मनोऱ्यावरचा निवाडा यंत्राकडे; ‘चांगला व्हिडिओ कॉल’ कोणाच्या व्याख्येने?

नवी दिल्ली : देशात ५जी सेवेला १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रारंभ झाला, तेव्हा चर्चेचा सारा भर डाउनलोडच्या वेगावर होता. दूरसंचार क्षेत्रातील खरा बदल मात्र त्यानंतर, ग्राहकाच्या नजरेआड सुरू झाला आहे. एका मनोऱ्याच्या कक्षेत एकाच वेळी शेकडो मोबाइल सुरू असताना उपलब्ध रेडिओ क्षमता कोणाला, किती आणि कोणत्या क्षणी द्यायची, हे आजवर अभियंत्यांनी लिहिलेल्या ठरावीक सूत्रांवरून ठरत असे. त्या सूत्रांच्या जोडीला, आणि काही ठिकाणी त्यांच्या जागी, आता मशिन लर्निंगवर आधारित प्रणाली येत आहेत. या बदलाची सर्वांत कठोर परीक्षा व्हिडिओ कॉलमध्ये होते.

व्हिडिओ कॉल आज केवळ कौटुंबिक गप्पांचे साधन राहिलेला नाही. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने विकसित केलेल्या ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्येच १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी दृक्‌श्राव्य माध्यमातून न्यायालयीन कामकाज चालवण्याबाबत निर्देश दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खटल्याची कार्यवाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करण्यास वाव दिला. रुग्णाची तपासणी आणि साक्षीदाराची साक्ष ज्या दुव्यावर अवलंबून आहे, त्या दुव्याचे वाटप हा सार्वजनिक हिताचा प्रश्न ठरतो. वाटप करणाऱ्या यंत्राला नेमके कोणते उद्दिष्ट दिले आहे, हे जाणून घेण्याची सोय मात्र आज सामान्य ग्राहकाकडे नाही.

चित्रपट थांबू शकतो, संवाद नाही

मोबाइलवर चित्रपट पाहताना पुढील काही सेकंदांचा भाग आधीच साठवून ठेवता येतो. नेटवर्क क्षणभर मंदावले तरी प्रेक्षकाला ते जाणवत नाही. संवादात अशी साठवण शक्य नसते, कारण पुढचे वाक्य अजून उच्चारलेच गेलेले नसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक संवाद सुरळीत चालतो. ४०० मिलिसेकंदांच्या पलीकडचा विलंब नेटवर्कच्या नियोजनात टाळावा, असे तीच शिफारस सांगते. या मर्यादेनंतर पोहोचलेले पॅकेट संवादासाठी जवळपास निरुपयोगी असते.

दुसरा फरक दिशेचा आहे. चित्रपट एकाच दिशेने येतो; कॉलमध्ये ग्राहकाला स्वतःचे चित्र वरही पाठवावे लागते. बहुतेक हँडसेटची कमाल प्रसारण शक्ती सुमारे ०.२ वॅट असते, तर मनोऱ्यावरील उपकरणांची कितीतरी पट अधिक. शिवाय देशातील ५जी सेवेचा कणा असलेल्या ३.३ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकच लहरीपट्टी वेळ वाटून दोन्ही दिशांसाठी वापरली जाते आणि त्यातील मोठा वाटा डाउनलोडला दिला जातो. परिणामी कॉलमधील सर्वांत अशक्त दुवा बहुधा ग्राहकाकडून मनोऱ्याकडे जाणारा असतो. दूरवैद्यक सेवेत हा मुद्दा निर्णायक आहे. डॉक्टरांचा चेहरा रुग्णाला स्पष्ट दिसणे सुखावह असले, तरी निदानासाठी रुग्ण डॉक्टरांना स्पष्ट दिसणे आवश्यक असते. जाहिरातींत मिरवला जाणारा वेग मात्र नेमका उलट दिशेचा असतो.

सेकंदाला दोन हजार निर्णय

या वाटपाचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरेल. ३.३ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील १०० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ५जीच्या प्रचलित रचनेत २७३ कप्प्यांत विभागला जातो आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या प्रत्येक कालखंडात हे कप्पे नव्याने वाटता येतात. म्हणजे सेकंदाला दोन हजार वेळा वाटपाची संधी येते. प्रत्येक वेळी मनोऱ्याने पाहायचे असते की कोणाचा रेडिओ संकेत चांगला आहे, कोणाची माहिती रांगेत थांबली आहे आणि कोणाला बराच वेळ काहीच मिळालेले नाही.

केवळ एकूण वेग वाढवायचा असेल तर उत्तर सोपे आहे : जो मनोऱ्याजवळ आहे त्याला सर्व काही द्यावे. चांगला संकेत असलेल्या ग्राहकाला एका रेडिओ चिन्हातून ८ बिट पाठवता येतात, तर दूरच्या ग्राहकाला २ च. त्यातही चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती वाढते, ती वेगळीच. एकाच दर्जाच्या कॉलसाठी कडेचा ग्राहक मनोऱ्याजवळच्या ग्राहकाच्या अनेक पट क्षमता खर्च करतो. म्हणूनच मोबाइल नेटवर्कमध्ये ‘प्रमाणबद्ध न्याय’ या तत्त्वावरील सूत्र रूढ झाले. प्रत्येकाला आजवर मिळालेल्या सरासरीच्या तुलनेत त्याची आत्ताची संधी किती चांगली आहे, हे पाहून ते पाळी ठरवते. हे सूत्र परिपूर्ण नाही, पण त्याचा न्याय-अन्याय कागदावर तपासता येतो. ज्याच्या वाट्याला कमी आले त्याची बाजू ते किती उचलून धरते, हे गणिताने सांगता येते.

त्याची उणीव अशी की पॅकेटमध्ये काय आहे हे त्याला कळत नाही. कंपन्यांच्या स्वतःच्या व्हीओएलटीई कॉलसाठी नेटवर्कमध्ये हमी असलेला स्वतंत्र वर्ग असतो. व्हॉट्सॲप, गूगल मीट किंवा झूमवरील कॉल मात्र सामान्य डेटाच्या वर्गात, कोणाच्या तरी ॲप अद्ययावतीकरणाच्या शेजारी रांगेत उभा राहतो. दहा मिनिटे उशिरा पोहोचली तरी चालणारी फाइल आणि अर्ध्या सेकंदात शिळा होणारा आवाज यांना सारखीच वागणूक मिळते.

यंत्र काय शिकते

मशिन लर्निंगचे आकर्षण येथे आहे. बहुतेक कॉल कूटबद्ध असल्याने त्यांतील मजकूर कंपनीला दिसत नाही, पण पॅकेटांचे आकार आणि त्यांमधील अंतर यांवरून तो प्रवाह कॉलचा आहे की डाउनलोडचा, याचा अंदाज प्रणाली बांधू शकते. चालत्या बसमधील ग्राहकाचा संकेत पुढच्या सेकंदाला किती घसरेल, कोणत्या मनोऱ्यावर संध्याकाळी गर्दी होईल, कोणाला आधीच शेजारच्या मनोऱ्याकडे सोपवावे, हेही पूर्वीच्या नोंदींवरून शिकता येते. यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ पद्धतीत प्रणाली निरनिराळे निर्णय घेऊन पाहते, प्रत्येक निर्णयाच्या परिणामाला गुण मिळतात आणि अधिक गुण देणारी वाट ती धरते.

मानकांच्या पातळीवर याची पायाभरणी झाली आहे. मोबाइल तंत्रज्ञानाची जागतिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने ५जीच्या पहिल्याच आवृत्तीत नेटवर्कमधील माहितीचे विश्लेषण करणारा स्वतंत्र घटक समाविष्ट केला. २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या अठराव्या आवृत्तीत रेडिओ जाळ्यातील ऊर्जाबचत, भाराचे संतुलन आणि ग्राहकाचे स्थलांतर या तीन कामांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची चौकट आली. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्सच्या रचनेत मनोऱ्यांवर देखरेख करणारे दोन नियंत्रक आहेत : एक १० मिलिसेकंद ते १ सेकंद या अवधीत निर्णय घेणारा, दुसरा त्याहून संथ. अर्ध्या मिलिसेकंदाचे वाटप अजूनही मुख्यत्वे मूळ सूत्रच करते. शिकणारी प्रणाली त्या सूत्राचे भारांक आणि प्राधान्यक्रम बदलते. व्यवहारात मात्र कल ठरवण्याचा अधिकार अशा रीतीने प्रणालीकडेच जातो.

दुसऱ्या टोकाला कॉलचे ॲपही शिकत असते. नेटवर्क किती वेग देऊ शकेल याचा अंदाज घेऊन ते चित्राची स्पष्टता कमी-अधिक करते. याच अंदाजासाठी २०२१ आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने संशोधकांसाठी खुली स्पर्धा घेण्यात आली होती. अडचण अशी की मनोरा आणि ॲप ही दोन्ही टोके स्वतंत्रपणे शिकतात आणि एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. ॲपने सावध होऊन मागणी घटवली की मनोऱ्याला गरज कमी झाल्यासारखे वाटते. मनोऱ्याने वाटा कमी केला की ॲप आणखी सावध होते. गर्दीची सूचना रांग लांबण्याआधीच ॲपला देणारी ‘एलफोरएस’ ही रचना इंटरनेट मानक संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. ती या दरीवर पूल बांधू शकते; मात्र त्यासाठी नेटवर्क आणि ॲप दोघांनीही ती स्वीकारायला हवी.

प्रयोगशाळेबाहेरची कसोटी

अशा प्रणालींविषयीच्या दाव्यांकडे सावधपणे पाहण्यास सबळ कारण आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ‘पेन्सिव्ह’ ही शिकणारी प्रणाली मांडली. व्हिडिओ प्रसारणाचा दर्जा नेटवर्कनुसार बदलण्यात तिने प्रचलित पद्धतींना मागे टाकल्याचे चाचण्यांत दिसले. त्यानंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘पफर’ प्रकल्पाने वेगवेगळ्या पद्धती प्रत्यक्ष प्रेक्षकांना यादृच्छिकपणे वाटून दिल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६३,५०८ वापरकर्त्यांना मिळून ३८.६ वर्षे भरेल इतका व्हिडिओ दाखवण्यात आला. निष्कर्ष अनपेक्षित होता : आभासी नेटवर्कवर चमकणाऱ्या गुंतागुंतीच्या प्रणालींना खऱ्या इंटरनेटवर एका साध्या सूत्रावर मात करणे अवघड गेले. ज्या परिस्थितीत वापरायचे तेथील माहितीवर शिकवलेली प्रणाली मात्र टिकली.

तो अभ्यास साठवलेल्या व्हिडिओच्या प्रसारणाचा होता. साठवणुकीची उसंतच नसलेल्या कॉलसाठी त्याचा धडा अधिकच लागू पडतो. भारतासारख्या देशात तर तो विशेष महत्त्वाचा आहे. महानगरांतील दाट मनोऱ्यांच्या जाळ्यातून नोंदींचा ओघ प्रचंड असतो. डोंगराळ किंवा विरळ वस्तीच्या तालुक्यातून तो तुटपुंजा. पहिल्यावर शिकलेली प्रणाली दुसऱ्यावर लादली तर तिचे अंदाज चुकणे स्वाभाविक आहे. त्यातून एक दुष्टचक्रही संभवते. कॉल वारंवार तुटत असल्याने एखाद्या गावातील लोक चित्र बंद करून केवळ आवाजावर भागवू लागतात. नोंदींत त्याचा अर्थ ‘या गावात व्हिडिओची मागणी नाही’ असा होतो. मग प्रणाली त्या गावाकडे आणखी कमी लक्ष देते, आणि प्रत्येक टप्प्यावर आकडेवारी तिच्या बाजूने उभी राहते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये सेवेपासून वंचित २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. मनोरा उभा राहणे हा त्या प्रवासाचा पहिला टप्पा आहे. त्या मनोऱ्याच्या कडेला राहणाऱ्या ग्राहकाचा कॉल टिकतो की नाही, हे पुढे वाटपाच्या नियमांवर ठरणार आहे.

गुण कशाला द्यायचे

संपूर्ण विषयाचा गाभा प्रणालीला दिल्या जाणाऱ्या गुणांत आहे. सरासरी वेगाला गुण दिले तर कडेचा ग्राहक तिच्या लेखी महागडा ओझे ठरतो. तुटलेल्या कॉलची संख्या घटवण्याला गुण दिले तर सर्वांचे चित्र धूसर करून ती आपले काम साधेल. ऊर्जाबचतीला गुण दिले तर रात्री काही लहरीपट्ट्या बंद ठेवणे तिला फायद्याचे वाटेल, मग त्या वेळी एखाद्या उपकेंद्रातून तातडीचा सल्ला घेतला जात असला तरी. यांपैकी कोणत्याही प्रणालीने चूक केली असे म्हणता येणार नाही. प्रत्येकीने सांगितलेलेच केले.

व्हिडिओ कॉलच्या बाबतीत एक संकेत जवळपास सर्वमान्य आहे : नेटवर्क अपुरे पडल्यास आवाज वाचवावा, चित्राचा बळी द्यावा. बहुतेकांसाठी तो योग्यच आहे. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख नागरिकांना श्रवणदोष आहे. त्यांतील जे भारतीय सांकेतिक भाषेतून बोलतात, त्यांच्यासाठी चित्र हाच आवाज आहे. चौकटींची संख्या घटली की हातांच्या हालचाली तुटतात आणि वाक्याचा अर्थ हरवतो. ऐकू येणाऱ्या बहुसंख्येच्या पसंतीवर शिकलेली प्रणाली त्यांचा कॉल सर्वप्रथम निरुपयोगी करेल, आणि तिच्या गुणपत्रिकेवर तो ‘आवाज सुरळीत’ म्हणून यशस्वी नोंदला जाईल.

गरजांतील हा फरक इतरत्रही दिसतो. त्वचेवरील चट्टा पाहणाऱ्या डॉक्टरांना एक स्थिर पण स्पष्ट चित्र हवे असते. हालचाल अडखळली तरी चालते. साक्ष नोंदवणाऱ्या न्यायालयाला ओठ आणि आवाज यांचा मेळ महत्त्वाचा वाटतो. दर्जाचा एकच आकडा या सर्वांना न्याय देऊ शकत नाही.

नियमांची पोहोच

नेटवर्क तटस्थतेच्या बाबतीत भारताची भूमिका जगात ठाम मानली जाते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१७ मधील त्याच्या शिफारशी केंद्राने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. त्यांनुसार मजकुरात भेदभाव करता येत नाही. मात्र वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला आणि विशेष सेवांना सवलत आहे. ते व्यवस्थापन प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असावे, अशी अपेक्षा आहे.

शिकणारी प्रणाली या चौकटीत नीट बसत नाही. ती एखाद्या विशिष्ट ॲपला रोखत नाही, त्यामुळे भेदभावाची रूढ व्याख्या तिला लागू होत नाही. तिचा कल तात्पुरताही नसतो. तो रोज नव्याने घडतो. ५जीतील ‘नेटवर्क स्लायसिंग’, म्हणजे एकाच नेटवर्कचे हमी असलेले स्वतंत्र भाग पाडण्याची सोय, हा प्रश्न अधिक टोकदार करते. अमेरिकेत टी-मोबाइलने ऑगस्ट २०२३ मध्ये व्हिडिओ कॉलची ॲप बनवणाऱ्यांसाठी अशा स्वतंत्र भागाची चाचणी सुरू केली. असे भाग म्हणजे पैसे मोजणाऱ्यांसाठीची जलद मार्गिका ठरतील का, हा वाद तेथे रंगला. संघीय दळणवळण आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये तटस्थतेचे नियम पुन्हा आणले. २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने ते रद्द ठरवले.

भारतात आवश्यक तुकडे आहेत, पण ते जुळलेले नाहीत. वाहतूक व्यवस्थापनावर देखरेखीसाठी बहुपक्षीय मंडळ नेमण्याची शिफारस ‘ट्राय’ने सप्टेंबर २०२० मध्ये केली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र वैधानिक प्राधिकरण आणि जोखमीनुसार नियमन, अशी शिफारस जुलै २०२३ मध्ये झाली. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालींची निष्पक्षता तपासण्याचे मानक प्रसिद्ध केले. परंतु ते ऐच्छिक आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-दर्जाच्या नियमांत विलंब, त्यातील चढ-उतार आणि पॅकेटगळती यांचे निकष आहेत, हे स्वागतार्ह पाऊल होय. तथापि, राज्याएवढ्या परवाना क्षेत्राचा आकडा समाधानकारक असतानाही एखाद्या खोऱ्यातील कॉल रोज तुटत राहू शकतो.

कंपन्यांची बाजू

दूरसंचार कंपन्यांचा युक्तिवाद दुर्लक्षून चालणार नाही. २०२२ च्या लिलावात स्पेक्ट्रमवर सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. दरडोई मासिक डेटा वापर २० जीबीच्या पुढे गेला आहे. प्रत्येक गल्लीत नवा मनोरा उभारणे शक्य नसताना असलेल्या क्षमतेतून अधिक काम काढणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि मशिन लर्निंग तो देते. कॉलला डाउनलोडपेक्षा काही मिलिसेकंद आधी वाट दिल्याने कोणाचेच फारसे नुकसान होत नाही. उलट सर्वांचाच लाभ होतो. प्रणालीचा तपशील जाहीर केल्यास व्यावसायिक गुपिते उघड होतील, ही भीतीही निराधार नाही.

पण नियामकाला प्रणालीची आज्ञावली मागण्याची गरज नाही. तिला कोणत्या परिणामासाठी गुण दिले जातात, हे साध्या भाषेत जाहीर करणे पुरेसे आहे. दर्जाच्या अहवालात सरासरीसोबत सर्वांत कमी सेवा मिळालेल्या दहा टक्के ग्राहकांचा आणि ग्राहकाकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या दिशेचा आकडा स्वतंत्रपणे मागता येईल. नवी प्रणाली राज्यभर लागू करण्यापूर्वी काही मनोऱ्यांवर जुन्या सूत्राशी यादृच्छिक तुलना करणे बंधनकारक करता येईल. पफरच्या अनुभवाने अशा तुलनेचे मोल दाखवून दिले आहे. सांकेतिक भाषेतील किंवा वैद्यकीय कॉलची गरज वेगळी असल्याचे ग्राहकाला स्वतः सूचित करता यावे, अशी सोय ॲप आणि नेटवर्क यांनी मिळून देणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही.

या प्रश्नाला मुदतही आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये मान्य केलेल्या ६जीच्या आराखड्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संचार यांचा मेळ हा सहा मुख्य उपयोगांपैकी एक आहे. सर्वत्र पोहोचणारी जोडणी हा दुसरा. पहिल्याच्या घाईत दुसरा मागे पडू द्यायचा नसेल, तर यंत्राला गुण कशासाठी द्यायचे याची चर्चा मानके गोठण्यापूर्वी व्हायला हवी. एकदा ती उपकरणांत उतरली की उपकेंद्रातील रुग्णाचा कॉल का तुटला, या प्रश्नाला ‘प्रणालीने तसे ठरवले’ एवढेच उत्तर मिळेल, आणि त्या उत्तराविरुद्ध दाद कोठे मागायची हे कोणालाच सांगता येणार नाही.